डेन राजाची धाव

सकाळपासून शशिकांतराव चहा करत होते आणि सिंकमध्ये ओतत होते. प्यायला नाही, तालमीला. अकरा वाजता ग्वेन नावाची कोणी बाई येणार होती आणि तिच्यासमोर त्यांना चहा करून दाखवायचा होता. ऐंशी सरून वर काही महिने झालेला माणूस, कौन्सिलच्या हायवेज डिपार्टमेंटमध्ये रस्त्यांचे नकाशे काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं एका परक्या बाईला चहा करून दाखवायचा. आणि तिनं ठरवायचं की हा माणूस स्वतःच्या घरात एकटा राहायला लायक आहे की नाही. आहे की नाही मजा? पण आता चिडून उपयोग नव्हता. हो म्हणून बसले होते.

सगळं सुरू झालं जानेवारीतल्या त्या पडण्यापासून. कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला गेले आणि बर्फ धरलेल्या फरशीवर पाय सटकला. मोडलं काही नाही. पण शेजारचा माणूस कुत्र्याला फिरवायला बाहेर पडेपर्यंत ते तिथंच आडवे होते, आणि त्या भल्या माणसानं मुलाला, मिलिंदला, फोन करून सगळं सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी मेडनहेडहून फोनवर तेच पालुपद.

"बाबा, इकडे या ना राहायला. खालची खोली आहे, बाथरूम लागून आहे. जिना नको, काही नको."

"बघू."

"बघू काय, बाबा? तुम्ही नेहमी बघूच म्हणता."

"माझं बरं चाललंय रे."

अखेर मिलिंदनंच तोडगा काढला. एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधून काढली. ही बाई घरी येते, म्हातारा माणूस जिना कसा चढतो, खुर्चीतून कसा उठतो, स्वयंपाकघरात काय करतो ते बघते आणि आपलं मत देते. "ती म्हणाली राहू शकता, तर मी पुन्हा विषय काढणार नाही," मिलिंद म्हणाला. "आणि नाही म्हणाली तर?" शशिकांतरावांनी विचारलं. "तर एकटं राहायचा विषय तुम्ही काढायचा नाही."

मुहूर्तही काय साधला, तर सहस्रचंद्रदर्शनाच्या आदल्या दिवसाचा. उद्या एजवेअरच्या हॉलमध्ये हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं औक्षण व्हायचं होतं. हजारातल्या निम्म्याअधिक लंडनच्या ढगांत गेल्या ही गोष्ट वेगळी. भटजींनी त्यावर हरकत घेतली नाही.

या दोन दिवसांच्या जोडीत शशिकांतरावांना एक गंमत दिसली होती, आणि ती सांगायला घरात कुणी नव्हतं. म्हणजे आशा नव्हती. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी गंमत दिसली की आधी जिन्याच्या दिशेनं मान वळायची. वळायची, आणि मग एकटं वाटायचं. त्याला काही इलाज नव्हता.

गंमत होती डेनची.

टिपणिसांच्या घरात डेन हा इजिप्तचा राजा नव्हता, लांबचा चुलता होता. पिरॅमिडांच्याही कितीतरी आधीचा, पहिल्या घराण्यातला, आजपासून पाच हजार वर्षांपूर्वीचा. लग्न होऊन आशा लंडनला आली तो पहिला हिवाळा त्यांनी किलबर्नच्या एका खोलीत काढला. मीटरमध्ये नाणं टाकलं की ऊब, नाणं संपलं की गारठा. ब्रिटिश म्युझियम मात्र फुकट होतं आणि आत गरम होतं. मग काय, रविवारी डबा घेऊन दोघं तिथं. इजिप्तच्या दालनात बोटभर लांबीचा हस्तिदंताचा एक तुकडा होता. एका बाजूला हा डेन राजा हात उगारून शत्रूला हाणतोय, आणि दुसऱ्या बाजूला कोरलेल्या चपला. राजाच्या चपलांना अडकवायचं ते लेबल होतं.

"अगं बाई," आशा म्हणाली होती, "एवढा मोठा राजा, आणि चपलांना नाव लावतो? देवळाबाहेरून चोरीला गेल्या असतील एकदा."

त्या दिवशी डेन त्यांच्या घरी राहायला आला तो कायमचा. पुढे पोरांना गोष्टी सांगायच्या त्या डेनच्या. बाप लवकर गेला, पोर लहान, म्हणून मेरनीथ नावाच्या आईनं राज्य सांभाळलं. इतकं चोख सांभाळलं की तिचं थडगं राजांच्या रांगेत बांधलं, आणि खणणाऱ्या साहेबाला आधी वाटलं की हा कुणी पुरुष राजाच आहे. मग डेन मोठा झाला. वरचा इजिप्त आणि खालचा इजिप्त, दोन्हींचे मुकुट एकात एक बसवून डोक्यावर घातलेला चित्रात दिसतो तो हाच पहिला. अस्वानहून लाल ग्रॅनाइट आणून त्यानं आपल्या थडग्याची फरशी केली. थडग्यात उतरायला जिना केला, तोही त्याच्या आधी कुणी केला नव्हता. राज्य केलं ते इतकी वर्षं, की त्याला पाळण्यात पाहिलेलं माणूस अखेरीस कुणी उरलं नसेल. हे शेवटचं शशिकांतरावांचं स्वतःचं. पुस्तकात ते नाही.

आणि फार वर्षं राज्य केलेल्या राजाला तिकडे एक उत्सव करावा लागे. भर लोकांत, मांडलेल्या खुणेच्या दगडांभोवती राजानं धावून दाखवायचं. अजून अंगात रग आहे, अजून राज्य पेलतंय, हे सिद्ध करायचं. डेन धावतोय तेही चित्र त्याच म्युझियममध्ये आहे, आबनुसाच्या काळ्या लाकडाच्या लहानशा पट्टीवर. एकीकडे तो सिंहासनावर बसलाय आणि पुढे तोच दगडांमधून धावतोय.

"आपलं सहस्रचंद्रदर्शन बरं," आशा म्हणायची. "बसून राहायचं आणि ओवाळून घ्यायचं. त्या बिचाऱ्याला म्हातारपणी पळवतात."

तर शशिकांतरावांच्या नशिबी दोन्ही आलं होतं. आज पळायचं आणि उद्या बसायचं. ही ती गंमत.

नातू विहान बाहेरगावी शिकायला होता, तो सोडून मेडनहेडची मंडळी दहालाच आली. मिलिंदच्या हातात मोठा खोका आणि अक्षयाच्या हातात पोळ्यांचा डबा. अक्षया मूळची नागपूरची. सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आली, मिलिंद भेटला, राहिली. कामाची, बोलायला मोकळी. शशिकांतरावांना ती आवडायची, फक्त ती घरात शिरली की वस्तू जागा बदलायच्या.

"बाबा, हे दिवे बघा," तिनं खोका उघडला. "हॉलवाले म्हणतात, नेकेड फ्लेम चालणार नाही. स्मोक अलार्म वाजतो. मग मी बॅटरीचे मागवले. हलतात सुद्धा, बघा ज्योतीसारखे."

शशिकांतरावांनी एक दिवा हातात घेऊन बटण दाबलं. दिवा हलू लागला.

"छान आहे," ते म्हणाले. "मी नसलो तरी चालू राहील."

"असं नका ना बोलू, बाबा."

तेवढ्यात दार ढकलून इशिता आत आली. ती एजवेअरला राहायची, गाडीनं दहा मिनिटांवर. दर शनिवारी बाबांकडे जाते असं ती लोकांना सांगायची, आणि सांगता सांगता तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. जन्म इथला, शाळा इथली. मराठी बोलायची ती प्रेमानं, पण पुल्लिंग-स्त्रीलिंगाचं वावडं.

"तो बाई आला का?" तिनं विचारलं. मिलिंदकडे न बघताच. भावाबहिणीचं महिनाभर धड बोलणं नव्हतं. हे आईचं घर आहे, आईच्या घरातून बाबांना उचलून नेण्याचा तुला काय हक्क, असं ती फोनवर म्हणाली होती, आणि मिलिंदनं विचारलं होतं की मग ते पडले तेव्हा तू कुठे होतीस.

"अकराला येणार आहेत," अक्षया म्हणाली. "तू जरा बस तरी."

"मी उभी बरा आहे." इशितानं वडिलांचा हात धरला. "बाबा, घाबरू नका. यू विल बी फाइन. मी आहे तुमच्या साइडला."

"साइड काय, इशू?" मिलिंद म्हणाला. "मॅच आहे का ही?"

"तूच टेस्ट लावली ना त्यांना? मग मॅचच."

"मला रात्री झोप लागत नाही, कळतंय तुला? फोन वाजला की वाटतं, बाबा पुन्हा पडले. मला कुणीतरी सांगायला हवं की हे ओके आहे. किंवा नाही. काहीही. पण सांगायला हवं."

शशिकांतरावांनी दोघांकडे पाहिलं. मिलिंद पन्नाशीला टेकला होता. डोळ्यांखाली काळं आलेलं, शर्ट गळ्याशी सैल पडलेला. पोरगा वाळलाय, त्यांच्या मनात आलं. पण आज मन मऊ करायचा दिवस नव्हता. धावणाऱ्यानं कडेच्या लोकांकडे बघायचं नसतं.

ग्वेन आली ती अगदी वेळेवर. वेल्सकडची, पन्नाशीची, सपाट बुटांची, हसऱ्या चेहऱ्याची. भांडायला एखादी खडूस बाई मिळाली असती तर शशिकांतरावांना जास्त बरं वाटलं असतं. ही तर आल्या आल्या म्हणाली की बाहेरच्या कुंडीतले तुमचे डॅफोडिल्स फार सुंदर आहेत. डॅफोडिल्स आशाचे होते. दर वर्षी आपले आपण येत होते.

"आधी खुर्चीतून उठून दाखवता का, मिस्टर टिप्निस? हातांचा आधार न घेता जमलं तर उत्तम."

ते उठले. हात छातीशी बांधून उठले, म्हणजे शंकाच नको. गुडघ्यात कळ आली ती तिथल्या तिथं दाबून टाकली.

मग जिना. ग्वेन मागे, तिच्या मागे मिलिंद, आणि खाली कठड्याला धरून दोघी. शशिकांतराव चढू लागले. चढताना बोलत राहायचं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं, दम लागलेला कळत नाही. मग ते ग्वेनला डेन राजाची गोष्ट सांगू लागले. कसा तो लहानपणी गादीवर बसला, कशी आईनं गादी राखली, कसे त्याच्या थडग्याभोवती शंभरावर नोकरचाकर पुरलेले सापडले.

"बापरे," ग्वेन म्हणाली. "त्यांना मारलं होतं?"

"बहुतेक तसंच असावं, असं म्हणतात." शशिकांतराव वरच्या पायरीवर पोचले होते. "राजाला तिकडे एकट्याला करमायचं नाही ना."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. शंभर माणसं. दोन देशांचा धनी, पण एकटं राहायचं म्हटल्यावर त्याचीही अशी त्रेधा उडाली. आपल्याला तर एक माणूस पुरलं असतं. वर बेडरूमचं दार उघडं होतं आणि पलंगाच्या एका बाजूची चादर इस्त्री केल्यासारखी सपाट होती. ग्वेननं ती पाहिली की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "छान. आता उतरू या."

उतरणं कठीण असतं. पण तेही झालं. खाली इशितानं टाळ्या वाजवल्या, आणि अक्षयानं तिच्याकडे पाहिलं, आणि मग तीही टाळ्या वाजवू लागली.

उरला चहा.

"एक कप चहा करून दाखवा, बस्स," ग्वेन स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात उभी राहिली. "रोज करता तसाच."

रोज करता तसाच. हीच तर अडचण. सकाळभर तालीम केली होती ती इंग्रजी चहाची. मिलिंदनं पढवून ठेवलं होतं, बाबा, केटल लावा, पिशवी टाका, दूध घाला, संपलं. गॅस नको, पातेलं नको. पण ग्वेननं "रोज करता तसाच" म्हटलं आणि शशिकांतरावांचे हात आपसूक रोजच्या वाटेनं गेले. पातेलं निघालं. पाणी मोजून घेतलं गेलं. आलं किसणीवर चढलं. मिलिंदनं डोळे मिटले.

"अरे," ग्वेन म्हणाली, "केटल नाही?"

"केटलमध्ये चहा होत नाही, मॅडम," शशिकांतराव म्हणाले. "केटलमध्ये पाणी गरम होतं."

गॅस पेटला. अक्षया पुढे सरकली, "बाबा, मी धरते हं पातेलं," आणि मिलिंदनं तिचं मनगट धरून तिला मागे घेतलं. पाणी उकळलं, चहा पडला, साखर पडली, दूध पडलं. दूध वर येऊ लागलं. ग्वेनची नजर पातेल्याच्या काठावर. शशिकांतराव हलले नाहीत. दूध आणखी वर आलं. इशितानं तोंडावर हात ठेवला. आणि अगदी काठाशी आलं तेव्हा त्यांनी दोन बोटांनी आच बारीक केली, फेस खाली बसू दिला, पुन्हा वाढवली, पुन्हा बसू दिला. मग बंद. पक्कडीत पातेलं, दुसऱ्या हातात गाळणं. पाच कप भरले आणि ओट्यावर एक थेंब सांडला नाही.

ग्वेननं एक घोट घेतला. मग दुसरा.

"मिस्टर टिप्निस," ती म्हणाली, "उकळतं पातेलं ही माझ्या दृष्टीनं धोक्याची गोष्ट आहे. पण इतका सावध माणूस मी पुष्कळ दिवसांत पाहिला नाही."

इशिता बापाच्या गळ्यातच पडली. शशिकांतरावांनाही ऊर भरून आल्यासारखं झालं. धावलो की नाही? धावलो.

"आता फक्त थोडी माहिती," ग्वेन टेबलाशी बसली. "आठवड्यात कुणाकुणाला भेटता? येणंजाणं, मित्रमंडळी?"

याची तालीम त्यांनी केली नव्हती.

"पुष्कळ," ते म्हणाले. मुलं ऐकत होती. "मंगळवारी मी म्युझियमला जातो. तिथं एक... माझे जुने परिचित आहेत. बुधवारी लायब्ररीत दिघे येतात, आम्ही पेपर वाचतो. शुक्रवारी सबनीस. पत्त्यांचा डाव असतो. शिवाय मंडळाचे लोक आहेत."

दिघे गेले त्याला चार वर्षं झाली होती. सबनीस मुलाकडे पुण्याला गेले होते आणि आता फोनवर त्यांना आवाज ओळखू येत नव्हता. म्युझियममधले परिचित पाच हजार वर्षांचे होते. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलू लागला की किती सफाईनं बोलतो, बघा. ग्वेन ऐकून समाधानानं मान हलवत होती. शशिकांतरावांनी हळूच मुलांकडे पाहिलं. यातलं कुणी टोकेल असं त्यांना वाटलं होतं. बाबा, दिघेकाका तर गेले ना, असं कुणीतरी म्हणेल. कुणी काही म्हणालं नाही. दिघ्यांचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मग माझ्याकडून काही अडचण नाही," ग्वेन उठत म्हणाली. "बाथरूममध्ये धरायला एक दांडा बसवा, गळ्यात घालायचं एक अलार्मचं बटण घ्या. बाकी तुम्ही इथं मजेत राहू शकता. सविस्तर कळवेनच. आणि उद्याच्या समारंभाच्या शुभेच्छा."

दार लागलं. मग मिलिंदनं एक मोठा श्वास सोडला आणि तो हसला.

शशिकांतरावांना वाटलं होतं पोरगा हिरमुसेल. हरल्यावर माणूस हिरमुसतो. पण मिलिंदचे खांदे खाली आले, आणि तो पाठीवर थाप मारून म्हणाला, "जिंकलात, बाबा. खरंच जिंकलात." मग बहिणीकडे वळून, "तूही जिंकलीस. सॉरी म्हणतो, चल."

"मी पण सॉरी," इशिता म्हणाली. "मी फारच बोलली तुला."

महिनाभराचा अबोला एका पातेलंभर चहावर मिटला. अक्षयानं डबे उघडले, इशितानं ताटं काढली, मिलिंद सिंकपाशी उभा राहून काकडी चिरू लागला. कोथिंबीर कुठाय, अगं फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, हे चमचे कुठून आले, आईचे आहेत, ते नको काढू, का नको, वापरायलाच असतात. एकावर एक आवाज. आशा गेल्यापासून या स्वयंपाकघरात एका वेळी दोन माणसं बोलली नव्हती. शशिकांतराव खुर्चीत बसून ऐकत राहिले. त्यांना नुसतं ऐकूनच पोट भरल्यासारखं वाटत होतं.

आणि तिथं बसल्या बसल्या त्यांना कळलं की आपल्याला काय हवंय.

हे घर नव्हतं हवं. घर राखायचं होतं ते हट्टानं. आपल्याला जमत नाही म्हणून उचलून नेलं, असं व्हायला नको होतं. आता तसं कुणाला म्हणताच येणार नव्हतं. एक परकी बाई येऊन सांगून गेली की जमतं. झालं की मग. उद्या हॉलमध्ये ओवाळून घेऊन परत या घरात यायचं, दार उघडायचं, दिवा लावायचा आणि त्या सपाट चादरीशेजारी पडायचं, हे त्यांना आता एक दिवसही नको होतं.

जेवायला बसले. अक्षयानं वांग्याची भाजी आणली होती, नागपुरी, झणझणीत.

"मिलिंद," शशिकांतराव म्हणाले, "एक सांगू?"

"सांगा ना."

"मी एकटा राहू शकतो हे ठरलं ना आज? सगळ्यांच्या देखत?"

"ठरलं, बाबा. आता मी पुन्हा विषय काढणार नाही. प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस."

"तर मग मीच काढतो. मला नाही राहायचं एकट्यानं. मी येतो तुमच्याकडे, मेडनहेडला."

अक्षयाचा हात भाजीच्या भांड्यावर थांबला. तिनं मिलिंदकडे पाहिलं. फार वेळ नाही, डोळ्याचं पातं लवावं तेवढाच. मिलिंद ताटाकडे बघत होता.

"म्हणजे," मिलिंद म्हणाला, "ऑफ कोर्स, बाबा. अगदी. त्यात काय. फक्त सध्या त्या खालच्या खोलीत..."

"माझं ऑफिस झालंय तिथं, बाबा," अक्षया हळूच म्हणाली. "फेब्रुवारीपासून. दोन मॉनिटर वगैरे. पण करू ना आपण काहीतरी. माझं टेबल हलवता येईल. विहान पण सुट्टीत घरी येतो तेव्हा... नाही, पण होईल ते."

"समरपर्यंत बघू या," मिलिंद म्हणाला. "एकदा बिल्डरला विचारतो."

"पण बाबा, यू पास्ड," इशिता म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता. "मी इतकी भांडली तुमच्यासाठी. आईचा घर म्हणून."

कुणी वाईट नव्हतं. शशिकांतरावांना ते स्वच्छ दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त लागत होतं. फेब्रुवारीपासून. जानेवारीत ते पडले होते, आणि फेब्रुवारीत त्या खोलीत टेबल गेलं होतं, आणि त्यानंतरही दर रविवारी फोन येत होता, बाबा इकडे या ना. पोरगा खोटं बोलत नव्हता. बापाला बोलवायला हवं म्हणून मनापासून बोलवत होता, आणि बाप येणार नाही हे धरून चालला होता. बापानंच तशी खात्री करून दिली होती ना, दर रविवारी. इशिताला आईचं घर जागच्या जागी हवं होतं, आणि घर जागच्या जागी राहायचं तर आत कुणीतरी राहायला हवं. सगळ्यांचं सगळं बसवलेलं होतं. त्यांनी एक शब्द बोलून ते हलवलं होतं.

तिघं त्यांच्याकडे बघत होती. मिलिंदच्या डोळ्यांखालचं काळं पुन्हा दिसू लागलं होतं. अजून एक मिनिट गेलं असतं तर तो म्हणाला असता, नाही, बाबा, तुम्ही या, उद्याच या. म्हणालाच असता. तेवढा चांगला मुलगा होता तो. टेबल माडीवर गेलं असतं, अक्षया हसून हलली असती, आणि मग त्या घरात रोज सकाळी उठून कुणाच्या तरी ऑफिसात निजल्यासारखं वाटलं असतं.

शशिकांतराव हसले. चांगलं मोठ्यानं हसले.

"काय रे, थट्टा केली," ते म्हणाले. "तुमची तोंडं बघायची होती. महिनोन् महिने छळलंत मला, एवढीही मजा करू नको?"

"बाबा," मिलिंद म्हणाला, "खरंच?"

"मग काय? हे घर सोडून तुझ्या त्या मेडनहेडला येऊ? तिथं मला मंगळवारी म्युझियमला कोण नेणार? आणि माझा शुक्रवारचा डाव?"

अक्षया आधी हसली, मग इशिता. "बाबा, तुम्ही पण ना," इशिता म्हणाली, आणि तिनं डोळे पुसले. "आय नियरली डाइड."

मिलिंद सगळ्यांच्या शेवटी हसला. मग त्यानं भाजी ओढून घेतली, एक पोळी संपवली, दुसरी घेतली, आणि डब्यात हात घालून तिसरी काढली. तोंडात घास असतानाच तो उद्याच्या हॉलबद्दल बोलू लागला, पार्किंग कुठे, भटजींना कोण आणणार, फोटो कोण काढणार. जानेवारीपासून पोराला असं भूक लागून जेवताना त्यांनी पाहिलं नव्हतं. शशिकांतरावांनी तुपाची वाटी पुढे ओढली आणि मुलाच्या पोळीवर एक चमचा तूप वाढलं.

"वाढू आणखी?" त्यांनी विचारलं.

"वाढा," मिलिंद म्हणाला.